म्यानमारकडे जगाचं लक्ष पुन्हा कसं वळवायचं? पुण्यात बसून काही करता येईल का?

गीतांजली_कर्वेनगर

१ फेब्रुवारी २०२६ ला म्यानमारच्या लष्करी उठावाला पाच वर्षं झाली. आमच्याकडे दोन वर्तमानपत्रं येतात. एकात आतल्या पानावर चार ओळी होत्या, दुसऱ्यात तेवढ्याही नव्हत्या. २०२१ साली तिथले लोक रोज रात्री आठ वाजता खिडकीत उभे राहून पातेली बडवत होते. ते व्हिडिओ आपण सगळ्यांनी एकमेकांना पाठवले होते. त्यांतले कितीतरी जण आता तुरुंगात आहेत आणि त्यांची साधी विचारपूस कुणी करत नाही, याचा मला फार त्रास होतो.

थोडी पार्श्वभूमी, ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांचा पक्ष मोठ्या बहुमताने जिंकला. नवी संसद ज्या दिवशी बसायची त्याच सकाळी लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांनी सत्ता हातात घेतली. राजकीय कैद्यांची नोंद ठेवणारी एएपीपी नावाची संस्था थायलंडच्या सीमेवरच्या माए सोत गावात २००० सालापासून काम करते. तिच्या नोंदींप्रमाणे उठावानंतर मारले गेलेल्यांचा आकडा सात हजारांच्या पुढे गेलाय आणि अटक झालेले तीस हजारांच्या घरात आहेत. सू चींचा पक्ष २०२३ मध्येच बरखास्त केला गेला. त्यानंतर डिसेंबर २०२५-जानेवारी २०२६ मध्ये लष्कराने टप्प्याटप्प्याने 'निवडणूक' घेतली.

जगाचं लक्ष आपोआप परत येत नाही, ते कुणीतरी परत आणावं लागतं, असं माझं मत आहे. ते नेमकं कशाने येतं? आणि पुण्यातल्या साध्या माणसांनी त्यात काय हातभार लावावा? मेणबत्त्या घेऊन गुडलक चौकात उभं राहायचं ठरलं तर मी येईनच, पण त्यापुढचं काही सुचतंय का ते सांगा.

सदाशिवपेठी_श्रीधर

ताई, तळमळ पोचली. पण जगाचं लक्ष नव्हतं म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. लक्ष होतं तेव्हा तरी काय झालं? जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला. ११९ देश बाजूने, एकटा बेलारूस विरोधात, ३६ तटस्थ. त्या ३६ मध्ये आपण. सुरक्षा परिषदेला स्वतःचा ठराव करायला डिसेंबर २०२२ उजाडलं. तिथेही चीन, रशिया आणि भारत तटस्थ. त्याच वर्षी जुलैत चार जणांना फाशी दिली, त्यात माजी खासदार फ्यो झेया थॉ आणि १९८८ च्या लोकशाही चळवळीतले को जिमी होते. तीस वर्षांहून जास्त काळ तिथे फाशी झाली नव्हती. कंबोडियाचे तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन यांनी स्वतः पत्र लिहून विनंती केली होती, तीही धुडकावली. हुन सेनसारख्याचं ज्यांनी ऐकलं नाही ते कर्वेनगरचं काय ऐकणार?

रोहन_बाणेर

काका, म्हणूनच पैशाची नाडी आवळायला हवी. टोटल आणि शेव्हरॉन या तेल कंपन्यांनी जानेवारी २०२२ मध्ये तिथून बाहेर पडायचं जाहीर केलं, ते काय जनरलांच्या प्रेमापोटी? लोकांनी त्यांच्या मागे तगादा लावला होता. आपणही बघू या की आपल्याकडे तिथून काय येतं. माझ्या माहितीप्रमाणे डाळी येतात. त्यावर बहिष्कार का नको?

नारायणपेठी_तात्या

श्रीधरपंत, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्याच गल्लीत आहे.

१८९७ साली टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. तेव्हा ऑक्सफर्डमध्ये बसलेल्या मॅक्स म्युल्लरनी राणीकडे अर्ज केला. सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त यांच्याही सह्या होत्या. म्युल्लरना टिळकांच्या राजकारणाशी काही देणंघेणं नव्हतं. 'ओरायन' लिहिणारा वेदांचा अभ्यासक तुरुंगात खितपत पडलाय, एवढं त्यांना पुरलं. त्यांनी आपली ऋग्वेदाची प्रतही तुरुंगात पाठवली होती. सप्टेंबर १८९८ मध्ये, मुदत संपायच्या आधी, टिळक सुटले.

आता दुसरी बाजू. १९०८ ला सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. लेनिनने त्यावर लिहिलं. म्हणजे लक्ष पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी सरकार बधलं नाही. मंडालेला नेऊन ठेवलं ते जून १९१४ पर्यंत. सत्यभामाबाई १९१२ मध्ये इथे पुण्यात गेल्या, नवरा तिकडे.

मला यातून असं दिसतं की पहिल्या वेळी मागणी लहान होती आणि एका माणसापुरती होती. सरकारला ती मान्य करून मोठेपणा घेता आला. दुसऱ्या वेळी सरकारला स्वतःच्या पायाखालची जमीन हललेली दिसत होती. तेव्हा लक्ष आहे की नाही, एवढ्यावरून हिशेब लागत नाही. कुणी, कुणाकडे, काय मागितलं हेही बघावं लागतं.

गोखलेनगरची_मुक्ता

तात्या, मॅक्स म्युल्लरचं माहीत नव्हतं. फार आवडलं.

अवांतर: इंग्रजांनी मंडालेचा राजा थिबा आणून रत्नागिरीत ठेवला आणि आपले टिळक नेऊन मंडालेत ठेवले. थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीतच गेला. शाळेच्या सहलीत थिबा पॅलेस बघितला होता, पण तो राजा तिथे का आला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

भुसार_बाजार

रोहन, डाळीचं मी सांगतो, कारण मार्केट यार्डात आमची तीन पिढ्यांची आडत आहे.

बर्माचा माल म्हणजे मुख्यतः उडीद आणि तूर. तिथल्या तुरीला बाजारात 'लेमन' म्हणतात, रोजच्या भावाच्या मेसेजमध्ये तिचा भाव वेगळा असतो. उठाव झाला फेब्रुवारी २०२१ ला. जूनमध्ये आपल्या सरकारने पाच वर्षांचा करार अधिसूचित केला. दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर, खासगी व्यापारातून. म्हणजे तुमच्या इडलीत आणि आमटीत बर्मा आहेच, कुणाला पत्ता नसला तरी.

बहिष्कार का नको, ते ऐका. तिथले लोक तूर-उडीद जवळजवळ खातच नाहीत, ते पिकवतात आपल्यासाठी. पिकवणारा शेतकरी मगवे, सगाईंग या कोरड्या पट्ट्यातला. लष्कर आज सगळ्यात जास्त बाँब टाकतंय तेही सगाईंगमध्येच. ११ एप्रिल २०२३ ला पाझीजी गावावर विमानातून हल्ला झाला, दीडशेहून अधिक माणसं गेली, ते सगाईंगमधलंच गाव. आपण माल घेणं बंद केलं तर आधी तो शेतकरी मरेल, जनरलाच्या ताटातलं काही कमी होणार नाही.

मात्र एक गोष्ट खरी. निर्यातदाराला मिळालेल्या डॉलरचा ठराविक हिस्सा सरकारी दराने बदलून द्यावा लागतो. सरकारी दर डॉलरला २१०० च्यात (तिथलं चलन), आणि खुल्या बाजारात त्याच्या कितीतरी वर. मधला फरक कुणाच्या खिशात जातो हे सांगायला नको. व्यापाऱ्याला हे रोज दिसतं. म्हणून मी म्हणतो, डाळ घ्या, पण करार करताना आपल्या सरकारने तोंड उघडावं. तिथल्या डाळीचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक आपण आहोत. गिऱ्हाइकाचं ऐकावं लागतं.

रोहन_बाणेर

@भुसार_बाजार, पटलं. डाळीवरचा बहिष्कार मागे. मग विमानाचं इंधन आणि शस्त्रं यावर बोलू. संयुक्त राष्ट्रांचे म्यानमारमधल्या मानवी हक्कांवरचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांचा मे २०२३ चा अहवाल वाचलाय का कुणी? उठावानंतर तोवर लष्कराला साधारण शंभर कोटी डॉलरचा शस्त्रास्त्रांचा आणि त्यासाठी लागणारा माल पोचला, असं त्यात आहे. रशिया ४० कोटी ६० लाख, चीन २६ कोटी ७० लाख, सिंगापूरमधून २५ कोटी ४० लाख. आणि भारत ५ कोटी १० लाख. आपला आकडा लहान असेल, पण तो आपल्या करातून चालणाऱ्या कंपन्यांचाही आहे.

आणि पुढचं बघा. सिंगापूर सरकारने त्या अहवालावर चौकशी सुरू केली. तिथून जाणारा माल नंतर खूप कमी झाला, असं अँड्र्यूज यांनीच पुढच्या वर्षी सांगितलं. म्हणजे आकडा नावासकट समोर ठेवला की फरक पडतो, श्रीधरकाका.

सदाशिवपेठी_श्रीधर

सिंगापूरचं मान्य. आकडे बघून सांगतोस ते चांगलं करतोस.

वाडा_नूतनीकरण

जुन्या वाड्यांच्या तुळया, दारं विकायचा माझा धंदा आहे. गिऱ्हाईक विचारतं, 'बर्मा टीक आहे ना?' वाड्यातून निघालेलं शंभर वर्षांपूर्वीचं लाकूड असेल तर बेलाशक घ्या. नवीन माल असेल तर कुठून आला ते विचारा. तिथलं लाकूड सरकारी महामंडळामार्फतच विकलं जातं आणि त्या महामंडळावर अमेरिकेने एप्रिल २०२१ मध्ये आणि युरोपने जूनमध्ये निर्बंध घातले. आपल्याकडे नाहीत. मी नवीन बर्मी साग ठेवणं बंद केलं. धंद्यात तोटा झाला, पण झोप लागते.

शिंदे_सरकार्यवाह

माफ करा, पण सू ची बाईंसाठी मी मेणबत्ती लावणार नाही. २०१७ मध्ये सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले, गावंच्या गावं जाळली. आणि या बाई डिसेंबर २०१९ मध्ये स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन त्याच लष्कराची वकिली करून आल्या. आज तेच लष्कर त्यांच्या छातीवर बसलंय.

गीतांजली_कर्वेनगर

@शिंदे, तुमचा राग रास्त आहे. मलाही तो दिवस आठवला की वाईट वाटतं. पण मी ज्यांच्याविषयी लिहिलं ते तीस हजार लोक म्हणजे सू ची नव्हेत.

आणि माझ्या मते जगाचं लक्ष का उडालं याचं मोठं कारण इथेच आहे. १९९० ची निवडणूक त्यांच्या पक्षाने ४९२ पैकी ३९२ जागा घेऊन जिंकली, लष्कराने ती मानली नाही, पुढच्या वर्षी नोबेल मिळालं आणि सगळ्या जगाने तो देश एका चेहऱ्यात बघायला सुरुवात केली. केसात फूल माळलेली, घरात कोंडलेली बाई. छायाचित्र सुंदर होतं. २०१९ ला तो चेहरा लोकांच्या मनातून उतरला, तसं त्या देशाकडेच बघणं लोकांनी सोडलं. त्यात शेतकरी, नर्सेस, कवी, पोरंटोरं सगळी नजरेआड झाली. आता पुन्हा लक्ष वळवायचं तर पुष्कळ नावं घेऊन वळवावं लागेल. एकावर भिस्त ठेवून चालणार नाही.

चिंचवडचा_चहा

'पुष्कळ नावं' याला +१

निळा_सदरा

नावांचा विषय निघाला म्हणून उ विन तिन यांच्याविषयी लिहितो. पत्रकार, सू चींच्या पक्षाचे एक संस्थापक. १९८९ ते २००८, एकोणीस वर्षं तुरुंगात. कागद-पेन मिळत नसे तेव्हा विटेची पूड पाण्यात कालवून ते कोठडीच्या भिंतीवर लिहीत. सुटताना त्यांनी कैद्यांचा निळा सदरा परत केला नाही. शेवटचा राजकीय कैदी सुटेपर्यंत निळाच सदरा घालणार म्हणाले, आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत रोज निळाच घातला. परदेशी पाहुणा भेटायला आला की आधी सदऱ्याबद्दल विचारायचा, आणि मग आत राहिलेल्यांचा विषय निघायचाच.

माझ्या इथल्या नावाचा अर्थ बऱ्याच जणांनी विचारला होता. तो हा.

येरवडा_७५

आणीबाणीत आमचे वडील मिसा कायद्याखाली येरवडा तुरुंगात होते. त्या कोठड्यांत समाजवादीही होते आणि संघाचेही. बाळासाहेब देवरसही तिथेच. आई भेटीला जायची तेव्हा वडील पहिला प्रश्न विचारायचे, 'बाहेर कुणाला माहीत आहे का?' घरचं कसं चाललंय हे त्यानंतर. इथल्या छापण्यावर बंदी होती. त्यामुळे परदेशात कुणीतरी आपलं नाव घेतंय ही बातमी कुजबुजत आत पोचली की चार दिवस माणसं ताठ मानेने चालायची, असं वडील सांगत.

जॉर्ज फर्नांडिसांना जून १९७६ मध्ये कलकत्त्यात पकडलं, तेव्हा विली ब्रांट, ओलोफ पाल्मे आणि ब्रुनो क्रायस्की या युरोपातल्या तीन समाजवादी नेत्यांनी इंदिराबाईंकडे त्यांच्या जिवाची काळजी व्यक्त केली. जॉर्ज सुटले नाहीत, पण जिवंत राहिले. आणि ते ऋण त्यांनी फेडलं. पुढे दिल्लीतल्या त्यांच्या सरकारी बंगल्यात बर्मी विद्यार्थी वर्षानुवर्षं राहिले.

श्रीधरराव, लक्ष दिल्याने तुरुंगाचं दार उघडत नसेलही. आतला माणूस मारून टाकायला मात्र धजत नाहीत.

सदाशिवपेठी_श्रीधर

आणि फाशीवर गेलेले चौघे?

येरवडा_७५

त्यांच्या बाबतीत सगळ्यांनी जोर लावूनही उपयोग झाला नाही. ते मला नाकारता येत नाही. पण त्या फाशीनंतर जो गदारोळ झाला त्यानंतरची सगळी वर्षंही बघा. मृत्युदंड सुनावलेले शंभराहून जास्त लोक तेव्हा तिथे होते.

तिखट_मिसळ

शनिवारवाड्यासमोर ३१ डिसेंबर २०१७ ला एल्गार परिषद झाली. त्या खटल्यात लोक वर्षानुवर्षं खटला न चालता आत राहिले. ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीत असतानाच गेले. आधी ते बोला, मग मंडाले.

कमळाकर

झालं सुरू! आता हा धागाही त्याच वळणावर न्या. आणि काश्मिरी पंडितांचे हक्क कुणी बघायचे?

संपादक_मंडळ

एल्गार खटल्यावर आणि काश्मीरवर इथे आधीच मोठे धागे आहेत, तिथे लिहा. प्रतिसाद उडवलेले नाहीत. मात्र पुढचे प्रतिसाद म्यानमारवर हवेत.

गीतांजली_कर्वेनगर

@तिखट_मिसळ, मी दोन्हीबद्दल बोलते आणि बोलत राहीन. खटला चालवल्याशिवाय कुणालाही डांबून ठेवू नये, येरवड्यात नाही, यांगूनच्या इन्सेन तुरुंगातही नाही.

टियाऊच_पलीकडे

उशिरा आले. नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही काही वर्षं मिझोराममध्ये होतो, म्हणून हे लिहितेय.

झोखावथर हे चंफाई जिल्ह्यातलं सीमेवरचं गाव. टियाऊ नदी आणि तिच्यावर पूल. पलीकडे म्यानमारचं चिन राज्य. चिन आणि मिझो एकाच कुळातले, भाषा समजते, आडनावं जुळतात. २०२१ च्या मार्चपासून लोक नदी ओलांडून येऊ लागले. त्यात पोलीसही होते. गोळ्या घालायचा हुकूम मानला नाही म्हणून गणवेश टाकून पळालेले. बांबूच्या तट्ट्या, वर निळी ताडपत्री, आत एका चुलीवर दोन-तीन कुटुंबांचा भात. मंडळांनी आणि चर्चनी घरोघरी फिरून तांदूळ गोळा केला. ज्यांच्या स्वतःच्या घरात जेमतेम, त्यांनी दिला. तीस हजारांवर माणसं त्या लहानशा राज्याने सांभाळली.

आता लक्ष देण्याने काय होतं ते सांगते. त्याच मार्चमध्ये केंद्राचं पत्र आलं की येणाऱ्यांना थोपवा. मिझोरामचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना उलट लिहिलं की ही आमची रक्ताची माणसं आहेत, आम्हाला पाठ फिरवता येणार नाही. शेजारच्या मणिपूर सरकारने २६ मार्चला हुकूम काढला की छावण्या उघडू नका, अन्न-निवारा देऊ नका, आलेल्यांना नम्रपणे परत पाठवा. तो कागद बाहेर आला, देशभर आणि देशाबाहेर लोक खवळले, आणि तीन दिवसांत हुकूम मागे घ्यावा लागला. नेप्यिडॉचं, म्हणजे म्यानमारच्या राजधानीतलं, सरकार आपलं ऐकणार नाही हे मान्य. आपली सरकारं ऐकतात, कधीकधी तीन दिवसांत.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे या लोकांना कायद्याने कुठलाच दर्जा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सीमेवरची सोळा किलोमीटरची मुक्त ये-जा बंद करायचंही जाहीर झालं. त्याच महिन्यात पलीकडे सक्तीची लष्करभरती लागू झाली, पुरुष १८ ते ३५, बायका १८ ते २७. पोरं पळून येणार नाहीत तर काय करतील?

गोखलेनगरची_मुक्ता

वाचून गलबलून आलं. तांदूळ किंवा पैसे पाठवायचे तर कुणाकडे, ते कळवाल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

पाली_एमए

मी आपल्या विद्यापीठात पाली शिकते. विभागात बर्मी भिख्खूही शिकायला येतात. ही सगळी चर्चा वाचली आणि एक हात जोडून सांगणं आहे.

तुमच्या ओळखीतल्या बर्मी विद्यार्थ्याला सभेत बोलवू नका, त्याचा फोटो टाकू नका, त्याचं नाव कुठे लिहू नका, जोवर तो स्वतःहून सांगत नाही. तिथल्या दंडसंहितेत फेब्रुवारी २०२१ मध्ये ५०५-अ कलम घातलं, नुसत्या फेसबुकवरच्या मजकुरासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. इकडे कुणी काही बोललं तर तिकडे आईबापांच्या घराला सील लागतं. पासपोर्टची मुदत संपली की नूतनीकरणासाठी त्याच सरकारच्या दारात उभं राहावं लागतं. माझ्या शेजारी बसणारा एकजण वर्गात खूप बोलतो, अट्ठकथांवर, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकांवर, तासन्‌तास वाद घालतो. फेब्रुवारी महिना आला की गप्प होतो. मी विचारत नाही. डबा दोघांचा आणते.

२०१७ पूर्वी भिख्खूंचा एक गट मुसलमानांविरुद्ध विष पेरत होता, हेही खरं. २००७ मध्ये इंधनाचे भाव वाढल्यावर भिक्षापात्रं उलटी धरून लष्करासमोर चालत गेले तेही भिख्खूच. दोन्ही माहीत असू द्या.

गीतांजली_कर्वेनगर

तुमचं म्हणणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मग 'पुष्कळ नावं' कशी घ्यायची?

पाली_एमए

ज्यांची नावं त्यांच्या घरच्यांनी किंवा त्यांच्या संस्थांनी आधीच जाहीर केली आहेत, तीच. एएपीपीच्या यादीत वय, गाव, कलम, तुरुंग सगळं असतं. त्याबाहेरचं आपण काही शोधायला जायचं नाही.

शिवाजीनगर_कोर्ट

कायद्याच्या बाजूने थोडं. गांबिया हा आफ्रिकेतला चिमुकला देश, त्याचा म्यानमारशी काय संबंध? त्यांचे कायदामंत्री अबुबकर तांबादू २०१८ मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावणीत गेले होते. आधी ते रवांडाच्या नरसंहाराच्या न्यायाधिकरणात काम करून आलेले. छावणीतल्या लोकांनी जे सांगितलं ते त्यांना ओळखीचं वाटलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये गांबियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारवर रोहिंग्यांच्या नरसंहाराचा दावा लावला. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने एकमताने अंतरिम आदेश दिले आणि म्यानमारला ठराविक मुदतीने अहवाल द्यायला लावलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी मिन आँग ह्लाइंग यांच्या अटक वॉरंटसाठी अर्ज केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्जेंटिनाच्या न्यायालयाने वॉरंटं काढली, त्यात सू ची यांचंही नाव आहे, शिंदे.

या प्रत्येक टप्प्याला पुरावा लागतो, आणि पुरावा जमवणारी माणसं बातम्या थंडावल्यावरही काम करत असतात. वा लोन आणि च्यॉ सो ऊ या रॉयटर्सच्या दोघांनी इन दिन गावातल्या दहा जणांच्या हत्येचा छडा लावला, त्यासाठी डिसेंबर २०१७ पासून पाचशेहून अधिक दिवस तुरुंगात काढले. जगभर त्यांची नावं घेतली गेली आणि मे २०१९ मध्ये ते सुटले. ती बातमी आज न्यायालयीन नोंदींचा भाग आहे.

आता मूळ प्रश्न, पुण्यात बसून काय? माझं उत्तर: लोकसभेतला लेखी प्रश्न. रोज २३० अतारांकित प्रश्नांना मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं, ते कायमचं नोंदीत राहतं, आणि पत्रकार व परदेशी दूतावास ते वाचतात. खासदाराने किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यायची. प्रश्न दीडशे शब्दांच्या आत. एक अडचण आहे, मित्रराष्ट्राविषयी अनादराची भाषा असलेला प्रश्न नियमात बसत नाही, फेटाळला जातो. म्हणून 'हुकूमशहा' वगैरे लिहू नका. आपल्या सरकारने काय केलं एवढंच विचारा.

भुसार_बाजार

हे बेस झालं. डाळीचा प्रश्न मी लिहून देतो. करार झाल्यापासून वर्षवार किती टन आलं, किती डॉलर गेले, आणि कराराची बोलणी करताना राजकीय कैद्यांचा विषय काढला का.

टियाऊच_पलीकडे

माझा प्रश्न: मिझोराममधल्या आश्रितांसाठी केंद्राने कोणत्या वर्षी किती निधी दिला, आणि मुलांच्या शाळा-दवाखान्याचं काय. २०२३ मध्ये केंद्राने त्यांची बायोमेट्रिक माहिती मागितली होती, राज्याने तेव्हा नकार दिला. ती माहिती म्यानमार सरकारला दिली जाणार नाही याची हमी आहे का, हेही विचारा.

रोहन_बाणेर

शस्त्रांचा माझ्याकडे. संरक्षण उत्पादन विभागाला: फेब्रुवारी २०२१ नंतर म्यानमारला कोणता लष्करी माल निर्यात झाला, किमतीसकट.

सदाशिवपेठी_श्रीधर

निवृत्तीपूर्वी मी मंत्रालयात होतो. विधिमंडळाच्या प्रश्नांची उत्तरं लिहिण्यात आयुष्य गेलं. 'माहिती गोळा करण्यात येत आहे' हे उत्तर कसं टाळायचं ते मला विचारा. तिघांचे मसुदे पाठवा. प्रत्येक पोटप्रश्नाला तारीख आणि आकडा मागा. 'काय पावलं उचलली' असं मोघम विचारलंत की मोघमच उत्तर मिळतं. आणि एकाच पक्षाच्या खासदाराकडे जाऊ नका. पुणे, बारामती, शिरूर, मावळ, चौघांकडेही द्या.

नारायणपेठी_तात्या

श्रीधरपंत आले म्हणजे काम झालं! मसुदा मराठीत असला तरी चालतो ना? खासदारांच्या कार्यालयात मी स्वतः नेऊन देईन, एक ते चार सोडून कधीही.

शिवाजीनगर_कोर्ट

मराठीत द्या. नोटीस हिंदी किंवा इंग्रजीत त्यांचं कार्यालय करून घेईल. तरी मी इंग्रजी प्रत सोबत जोडतो, म्हणजे शब्द इकडचे तिकडे होणार नाहीत.

पाली_एमए

चौथा प्रश्न घालता येईल का? भारतात शिकणाऱ्या म्यानमारच्या विद्यार्थ्यांचा पासपोर्ट संपला तर व्हिसा वाढवून देताना गृह मंत्रालय काय धोरण ठेवतं? यात कुणाचंही नाव घ्यावं लागत नाही आणि उत्तर मिळालं तर इथल्या मुलांच्या हातात एक कागद येतो.

गीतांजली_कर्वेनगर

घालू या, आणि तोच पहिला ठेवू या. रविवारी सकाळी दहाला कर्वेनगरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बसू. पत्ता व्यनिने पाठवते. @श्रीधर, तुम्ही जुनी उत्तरं बघितलेली असतील तर २०२१ पासून परराष्ट्र खात्याने म्यानमारवर संसदेत काय काय सांगितलंय ते काढून आणाल का? आधी विचारलेलं पुन्हा विचारायला नको.

सदाशिवपेठी_श्रीधर

आणतो. संकेतस्थळावर सत्रवार मिळतात. प्रिंट मोठ्या अक्षरात काढेन, तात्यांना चष्मा लागतो.